आम्ही घरी नसू

जेवणं झाली. टेबल पुसायच्या आधीच यांनी
जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलं
आणि नातवाच्या स्केचपेनने काढला एक लांबट प्रदेश:
डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर,
मधे दुधीभोपळ्यासारखं काहीतरी,
ते म्हणे पाणी.

बत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
दुसऱ्यांचे पैसे मोजले या माणसाने.
स्वतःचे मोजताना अंगठा ओला करतो
आणि दर वेळी वेगळाच आकडा येतो.

मुन्नारला तीन रात्री. नाही, दोन.
थंडी असते म्हणे.
"अगं, निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात,
त्यापुढे तिथली कसली थंडी!"
तरी उद्या स्वेटरना ऊन दाखवेन म्हणते.

डोंगर आम्हाला नवे नाहीत.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा,
समोर सात मजले उभे राहिल्यापासून अर्धा दिसतो.
पण आपले डोंगर काळे, उघड्या पाठीचे.
तिथले म्हणे चहाने विंचरलेले.

पाण्याचं मात्र मला विचारायचं होतं.
आमच्याकडे नदी म्हणजे गंगा,
गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात.
गंगेवर जायचं ते काहीतरी सोडायला.
दिवा. पिंड. कुणीतरी.
नुसतं बसून, पाय सैल करून
पाण्यावरून जात राहायचं,
काहीच न सोडता,
असं करतात का लोक?
"करतात," हे म्हणाले. "त्याचे पैसे घेतात."

हाऊसबोटीचा एका रात्रीचा भाव वाचून
आम्ही दोघंही जरा वेळ पंख्याकडे बघत बसलो.
मग यांनी दुधीच्या पोटात बारीक अक्षरांत लिहिलं:
सरकारी बोट. खिडकीजवळ बसणे.

समुद्र शेवटी ठेवलाय, वर्कलाचा.
मी म्हटलं, तिथे मी सलवार-कमीज घालणार.
हे नकाशाच बघत राहिले.

या घरात किती गाद्या घातल्या, किती उचलल्या!
सिंहस्थात तर गच्चीवरसुद्धा.
कुणाची त्र्यंबकला नारायण नागबळी,
कुणाचा रामकुंडावर दहावा,
"नाशिकला तुम्ही आहात म्हणून बरंय, वहिनी."
लाल फडक्यात बांधलेला कलश
रात्रभर आमच्या पेरूच्या फांदीला टांगलेला
आणि आत मी वीस कप चहा टाकलेला.
रडून झालं की माणसांना भूक लागते,
हे मला कुणी शिकवायला नको.

सगळे आमच्याकडे यायचे.
आम्ही कुठे जायचो?
स्टेशनवर. सोडायला.
पलीकडच्या फलाटावर मंगला एक्सप्रेस उभी असायची,
डब्यावरचं एर्नाकुलम वाचताना जीभ अडखळायची,
तोवर ती निघूनही जायची.

फोन वाजला.
अकोल्याहून निळकंठभाऊजी.
"बारा डिसेंबरला येतोय, सहा जण,
माईचं वर्षश्राद्ध गंगेवरच करावं म्हणतो."
यांनी पेनाला टोपण लावलं.
बारा तारखेला आम्ही दुधीत असणार होतो.

"या ना," मी म्हटलं.
जीभच ती, सवयीची.
यांचा हात नकाशाची घडी घालायला लागला,
एक घडी, दुसरी घडी,
मुन्नार गेलं समुद्राखाली.

"या," मी पुन्हा म्हटलं,
"पण आम्ही घरी नसू."
तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.
"बरंय ना सगळं?"
"अगदी बरंय.
किल्ली क्षेमकल्याणींकडे ठेवते.
गाद्या माळ्यावर, उजव्या हाताच्या.
चहा-साखर फडताळात, वरच्या कप्प्यात.
दूध तेवढं येताना घेऊन या.
आणि पेरूची ती खालची फांदी वाकलीय,
वरच्या फांदीला बांधा."

फोन ठेवला. यांनी घड्या उलगडल्या,
तळहाताने समुद्र सपाट केला,
स्केचपेनांची पेटी पुढ्यात ओढून
काठावर एक बारीकशी बाई काढली, दोन पायांची,
आणि पेटीवरची मान वर न करता विचारलं,
"कुठल्या रंगाचा?"